तिसरा गिअर गप्प झाला

२ मार्च

खटपट्या,

आधी आशीर्वाद घे, मग पुढचं ऐक. मी सांगतेय आणि तुझा धाकटा काका लिहितोय. निवृत्त झाल्यापासून त्याला काम नाही आणि मला अक्षर नाही, त्यामुळे दोघांचं बरं जमतं. जन्मभर नकाशे काढले त्याने, म्हणून अक्षर छापल्यासारखं आहे. मी बोलते ते मात्र एका रेषेत बसत नाही अशी त्याची तक्रार असते. बसवून घे म्हणावं, नाहीतरी दिवसभर काय करतोस?

तुझं पत्र पोचलं. त्या मैदानावर दिवसभर गोल गोल फिरायचं, संध्याकाळी निघालास तिथेच पोचायचं आणि त्याला नोकरी म्हणायचं. आमच्या तेलाच्या गिरणीत बैल होता तेव्हा तोही हेच करायचा, पण त्याने कधी घरी पत्रं पाठवून मिरवलं नाही. नवी मोटरसायकल कोणाला दिसू नये म्हणून तुमचे फोन फाटकावर काढून घेतात हे मात्र मला आवडलं. फोनवर माणूस बोलून मोकळा होतो. पत्र कसं, पुन्हा वाचून घेता येतं.

इकडे सगळं ठीक. पाण्याचा नवा पंप मंगळवारपासून खोकतोय. काका म्हणतो, आई, नवीन आहे, तुझ्या कानाला सवय नाही. मी त्या पंपाला आठ दिवस दिलेत. तुझे आजोबा असते तर माझी बाजू घेतली असती. निदान राहिलेल्या आठ बोटांनी टाळी तरी वाजवली असती.

काकू दवाखान्यात ड्युटीवर आहे. हल्ली दोघं नवरा-बायको माझ्यासमोर गप्प आणि माझ्यामागे गुलूगुलू बोलतात. या वयात यांचं काय चाललंय देव जाणे. काका हे लिहिणार नाही बहुतेक. लिही रे.

तुझी,
आजी

ता. क. हे आईने सांगितलेलं नाही, मी लिहितोय. एक गोष्ट केली आहे, आईला अजून बोललेलो नाही. ४ एप्रिलनंतर तुलाही सांगेन. तू खूश होशील. – काका


९ मार्च

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार. बैलाशी तुलना पोचली. माझ्या खोलीत राहणाऱ्या मिशीवाल्याला वाचून दाखवली, तो दोन दिवस मला चारा विचारतोय.

आमची खोली पत्र्याची आहे. दोन लोखंडी खाटा, एक खिडकी, खिडकीतून दिसणारा गोल रस्ता. सकाळी सहाला गाड्या बाहेर काढतो. एकूण सहा गाड्या, एक ते सहा नंबर. माझ्याकडे चार नंबर. लांब पल्ल्याची गाडी आहे, पाय पुढे पसरून आरामात बसायची. दिवसाला चारशे किलोमीटर, कधी पाचशे. दर पन्नास किलोमीटरला थांबून वहीत लिहायचं: तेल, ब्रेक, क्लच, आवाज. मिशीवाला ‘आवाज’च्या रकान्यात रोज ‘ठीक’ लिहितो. त्याला गाडीच्या आवाजात स्वतःचं गाणंही ऐकू येत नाही, आणि ते आम्हा बाकीच्यांना येतं.

जेवण बरं आहे. पाठ दुखते. पंपाचं काय झालं ते कळव.

(दुसरं पान)

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. इथे कोणाला विचारावं तर सगळे कागदाकडे बघतात. तू कानाने गिरणी चालवलीस, म्हणून तुला विचारतो.

या गाडीला पहिला गिअर टाकला की ‘खट्’ होतं. ते नेहमीचं, मोठ्या गाड्यांना होतंच. वरच्या गिअरला बारीक सूर लागतो, तोही चालतो. पण तिसऱ्यात, चढावर ताण दिला की आतून ‘कुईंऽऽ’ असा आवाज निघतो, कोणी पत्र्यावरून नख ओढावं तसा. आवाज मोजायचं यंत्र लावलं. मर्यादेच्या आत आहे.

अडचण अशी की या गाड्यांची पहिली खेप विकून झाली आहे. आठशे गाड्या. घेणाऱ्यांच्या तक्रारी यायला लागल्यात आणि दुकानदार सगळ्यांना एकच उत्तर देतात: ‘सगळ्याच गाड्या असा आवाज करतात.’ आता साहेबांना चाचणी करणाऱ्यांची सही हवी आहे, ‘आवाज हा या गाडीचा स्वभाव आहे, दोष नाही’ अशा कागदावर. मी विचार करतोय.

तू काय केलं असतंस?

तुझा,
खटपट्या


१५ मार्च

चि. खटपट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले, वाचून आनंद झाला. तुझी प्रकृती उत्तम असल्याचे कळले. आमचीही उत्तम आहे. काम मन लावून करावे. जेवणाची आबाळ करू नये. वरिष्ठांचे ऐकावे. पाठीला तेल लावावे.

तुझी,
आजी

ता. क. माझ्याकडून एक. तू दुसऱ्या पानावर तिसऱ्या गिअरबद्दल लिहिलंस. माझ्या एका मित्राने तीच गाडी घेतली आहे. त्याच्या गाडीला तो आवाज आहे, तू लिहिलास अगदी तसाच. दुकानवाल्यांनी तेल बदलून दिलं आणि ‘काळजी करू नका’ म्हणाले. त्याला सपत्नीक दोन महिन्यांच्या प्रवासाला निघायचं आहे. गाडी धोक्याची आहे की नाही एवढं एका ओळीत कळव. ते पान आईला वाचून दाखवलं नाही, उगाच जीव टांगणीला लावून बसते. उत्तर वेगळ्या चिठ्ठीवर लिही. – काका


२० मार्च

आजी,

तुला ताप आहे का? खरं सांग. अख्ख्या पत्रात एक टोमणा नाही. ‘वरिष्ठांचे ऐकावे’ असं तू म्हणालीस? तू? ज्या बाईने सरकारी तपासनिसाला गिरणीच्या ओट्यावरून खाली उतरवलं होतं ती? आणि पंपाचं एक अक्षर नाही. काकूला म्हणावं आजीला तपास, आणि मला खरं काय ते कळव. मला दोन दिवस चैन नाही.

इकडे ठीक. चार नंबरचे साडेचार हजार किलोमीटर झाले.

तुझा,
खटपट्या

(सोबत वेगळी चिठ्ठी)

काका,

तुमच्या मित्राला सांगा, आवाज मर्यादेत आहे, घाबरायचं कारण नाही. दातेरी चाकं नवी असताना एकमेकांत नीट बसलेली नसतात, म्हणून ओरडतात. पाचेक हजार किलोमीटरनंतर आवाज आपोआप कमी होईल. तो बसला की समजायचं चाकं बसली, मग खुशाल प्रवासाला निघावं. इथल्या सगळ्या इंजिनिअर लोकांचं हेच म्हणणं आहे. माझंही.


२६ मार्च

खटपट्या,

ताप मला नाही, तुझ्या काकाला यायला हवा. हे पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहितायत. त्यांना मापं लिहायची सवय आहे, तेव्हा अक्षर आखूड वाटलं तर सांभाळून घे. माझं बोलणं त्या कापत नाहीत एवढं पुरे.

तुझं ते दोन पानी पत्र काकाने वाचून दाखवलं तेव्हाच मला कळलं. पहिलं पान वाचलं. मग पान उलटल्याचा आवाज आला. आणि पान उलटून माणूस थेट ‘तुझा, खटपट्या’वर! मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या पानावर पोराने नुसतं नाव लिहिलं? तर म्हणाला, कागद जाड आहे, आई. मला अक्षर ओळखता येत नाही, पण वाचणारा कुठे उडी मारतो ते कळतं. चाळीस वर्षं गिरणीत पाठमोरी बसून कोणतं चाक कितव्या फेरीला अडखळतं ते सांगायचे मी. पोटचा पोरगा अडखळलेला कळणार नाही?

तरी थांबले. मग उत्तर सांगायला बसले तर मी दहा वाक्यं बोलायची आणि त्याची लेखणी दोनदा खरखरायची.

काल तो बाजारात गेल्यावर त्याच्या कपाटातून तुझी पत्रं काढली आणि शिंपीणबाईंकडून सगळी वाचून घेतली. पानं दोन्ही आणि ती चिठ्ठीही. मित्राची चिठ्ठी म्हणे! अरे, तो मित्र माझ्याच पोटातून आलाय.

गाडी आमच्या जिन्याखाली आहे. महिना झाला. मला सांगितलं मित्राने ठेवायला दिलीय. आणि शिंपीणबाई सांगतात, त्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांना त्यांनीच जाड कापडाची कव्हरं शिवली. वहीत माप काकाच्या नावावर आहे, आणि पुढे लिहिलंय ‘४ एप्रिलच्या आत, सकाळी सहाला निघणार’. काकूने दवाखान्यातून दोन महिन्यांची रजा घेतलीय. आपलं वय झालं, आता हिंडून घेऊ, असं दोघांचं. हिंडा की! मी काय पाय धरून ठेवलेत? पण मी ‘नको’ म्हणेन म्हणून मला पत्ता लागू दिला नाही.

आता नीट ऐक. ती गाडी चढावरून वर यायची तेव्हा आधी कुईं करायची. मी गच्चीत बसून ऐकायचे. गेल्या शुक्रवारपासून ती कुईं करत नाही. काका खूश आहे. तुझ्या चिठ्ठीचा हवाला देत काकूला म्हणतो, बघ, बसली चाकं.

परवा तो गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन, मागचं चाक उचलून, सुरू करून साफ करत होता. मी म्हटलं, गिअर टाक, गंमत बघू दे. त्याने टाकला. मी माझी काठी गाडीच्या पोटाला टेकवली आणि दुसरं टोक कानाला लावलं. हसला. म्हणाला, आई, डॉक्टर झालीस का. अरे, आत कुईं नव्हतं. आत कोणीतरी वाळू चाळत होतं.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी तुझ्या बापालाही सांगितलेली नाही. आजोबांची दोन बोटं पट्ट्यात गेली असं सगळ्यांना माहीत आहे. ती पट्ट्यात गेली नाहीत. आमच्या गिरणीला नवं दातेरी चाक बसवलं होतं. महिनाभर ते केकाटायचं, शेजारी भांडायला यायचे. मग एक दिवस आपसूक गप्प झालं. तुझे आजोबा म्हणाले, बसलं बघ. मी काठी लावली. आत वाळू. मला वाटलं, सांगावं. पण आदल्या आठवड्यातच चार माणसांसमोर म्हणाले होते, ‘हिला यंत्रातलं फार कळतं’, आणि सगळे हसले होते. मी रुसले होते. म्हटलं, यांचं यांनाच कळू दे. तिसऱ्या दिवशी चाकाचा दात तुटला, चाक अडकून झटका बसला आणि त्यांचा हात आत ओढला गेला. मिस्त्री नंतर म्हणाला, चाक वरून कडक भाजलेलंच नव्हतं, आतून मऊ. कडक दात घासताना ओरडतो, मऊ दात झिजून गप्प होतो. पट्ट्याची गोष्ट मीच पसरवली. त्यांनी जन्मात मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

(शिंपीणबाई म्हणाल्या, हे लिहू का? मी म्हटलं, लिहा.)

काकाला सांगून पाहिलं. म्हणतो, आई, तुझी गिरणी आणि ही गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याने गाडी तपासली त्याचाच कागद माझ्याकडे आहे. माझ्या कानापेक्षा तुझ्या कागदाला वजन आहे, बाबा. दुसरा कागद पाठव. चारच्या आत पोचला पाहिजे. शिंपीणबाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

आणि तुझं चार नंबर ओरडतंय ना अजून?

आजी

पंप सातव्या दिवशी बंद पडला. एक दिवस मी जास्तीचा दिला होता.


३१ मार्च

आजी,

तुझं पत्र आज दुपारी आलं. सामानाच्या गाडीने आलं, मी ट्रॅकच्या कडेलाच उभ्याउभ्या वाचलं.

चार नंबर ओरडत नाही. आठ दिवस झाले. मी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलंय: ‘आवाज कमी झाला, समाधानकारक.’

पत्र वाचून झाल्यावर मी गाडी स्टँडवर घेतली, तंबू ठोकायचा लाकडी खुंटा कानाला लावला. मिशीवाल्याला चाक फिरवायला लावलं. आजी, वाळू. मग त्याला ऐकवलं. त्याने पहिल्यांदा गाणं थांबवलं.

तसाच साहेबांकडे गेलो. म्हटलं, चार नंबरचा गिअरबॉक्स उघडा. ते म्हणाले, दहा हजार पूर्ण होईपर्यंत उघडायचा नाही, मध्ये उघडला तर चाचणी रद्द होते. म्हटलं, आत दाते झिजतायत. म्हणाले, पुरावा? म्हटलं, ऐका. त्यांनी खुंट्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, यंत्र सांगतंय आवाज घटला, आणि तू सांगतोस म्हणून मी काळजी करू?

मग कपाटातून तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ‘स्वभाव आहे, दोष नाही.’ खाली माझी सही. तारीख ५ मार्च.

हो. तुला ‘विचार करतोय’ असं लिहिलं ते खोटं होतं. सही मी चार दिवस आधीच करून बसलो होतो. सगळ्यांनी केली, मीही केली. यंत्राचा आकडा मर्यादेत होता. पण सही केल्यावरही दर चढावर मी त्या आवाजाकडेच कान लावून होतो, म्हणून तुला विचारलं. तू ‘बरं केलंस’ म्हणावंस असं वाटत होतं. आणि वर काकांना ती चिठ्ठी पाठवली. त्या चिठ्ठीवर विसंबून दोन माणसं दोन महिन्यांच्या प्रवासाला निघालीत हे मला माहीत नव्हतं, पण माहीत नव्हतं म्हणून सुटका होत नाही.

(दुसरं पान)

काका, हे तुमच्यासाठी. कोणीही वाचून दाखवा, पण पूर्ण दाखवा.

त्या गाडीवर बसू नका. गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नको. ती माझी चिठ्ठी फाडून टाका, ती चूक होती. दात तुटून मध्ये अडकला तर गिअरबॉक्स जागच्या जागी जाम होईल आणि त्याबरोबर मागचं चाकही. ऐंशीच्या वेगात मागचं चाक थांबलं तर काय होतं ते मी इथे एकदा पाहिलंय. मागे काकू असेल.

आजी म्हणते ते ऐका. तिला कागद नको, तिला कान आहे. कागद माझा खोटा निघाला.

ऑफिसच्या फोनवरून तुम्हाला तीनदा फोन लावला. तुम्ही उचलत नाही.

माझं म्हणाल तर सोमवारी, ७ तारखेला, जोरात पळवायची चाचणी आहे. पूर्ण वेग, तासभर. चार नंबर. मी नाही म्हटलं तर मिशीवाल्याला बसवतील, तो नाही म्हणणार नाही, घरी तीन लहान मुलं आहेत. म्हणून मी अजून नाही म्हटलेलं नाही. पुरावा मागतायत, आणि माझ्याकडे तंबूचा खुंटा आहे.

खटपट्या


५ एप्रिल

खटपट्या,

मी सांगतेय. काका लिहितोय. या वेळी मी जांभई दिली तरी तो लिहील, अशी अट आहे.

तुझं पत्र गुरुवारी संध्याकाळी पोचलं. पोस्टमनने शिंपीणबाईंच्या दुकानाच्या फटीतून आत टाकलं, आणि शिंपीणबाई बहिणीकडे गेलेल्या. दुकानाला कुलूप! मी काठीने फटीतून ओढून काढलं. अर्धा तास लागला. शेजारच्या न्हाव्याला वाटलं म्हातारी दरोडा घालतेय.

पाकीट हातात आलं आणि वाचणारं कोणी नाही. काकूकडे जाऊ म्हटलं तर ती बॅगा भरून शेवटची ड्युटी करायला गेलेली. काकाकडे दिलं असतं तर पुन्हा कागद जाड निघाला असता. (हे लिही. मान खाली घालून लिही.) मग मी बोटांनी चाचपलं. आत दोन कागद. दोन आहेत म्हणजे दुसऱ्यावर काहीतरी आहे, एवढं मला पुरलं.

शुक्रवारी सकाळी पावणेसहाला दोघं तयार. बूट, जाकिटं, शिंपीणबाईंच्या पिशव्या. काका पाया पडायला आला. तेव्हा कुठे मला सांगितलं, आई, गाडी आपलीच आहे. मी म्हटलं, होय का? मला वाटलं मित्र फार चांगला आहे तुझा. मग म्हटलं, आपलीच आहे तर जरा बसव की मला. काकाला बिचाऱ्याला भरून आलं. दोघांनी धरून मला मागच्या सीटवर बसवलं. सीट चांगली आहे हो. पाठ टेकायला गादी आहे.

बसले आणि पाकीट काढलं. म्हटलं, वाच. म्हणाला, आई, उशीर होतोय, रस्त्यात गर्दी होईल. म्हटलं, मी उतरणार नाही. न्यायचं तर मला घेऊन जा, काकू बसने येईल.

तो म्हणाला, उतर. काकू म्हणाली, उतरा ना. दूधवाला थांबला, न्हाव्याने दुकान उघडलं, गल्ली गोळा झाली. सव्वासात वाजले. माझा एक पाय बधिर झाला होता, ते मी सांगितलं नाही. शेवटी चिडून त्याने पाकीट फाडलं.

पहिलं पान वाचलं. तुझ्या सहीपाशी थांबला, पण उडी मारली नाही. ती तारीखही वाचली. पान उलटलं. ‘काका, हे तुमच्यासाठी’ एवढं मोठ्याने वाचून पुढचं मनात वाचायला लागला. मी म्हटलं, पुढे. सगळ्या गल्लीसमोर त्याने पूर्ण पान वाचलं, मोठ्याने. ‘मागे काकू असेल’पाशी त्याने काकूकडे बघितलं. काकूने डोक्यावरचं हेल्मेट काढून गाडीच्या आरशाला अडकवलं आणि मला म्हणाली, आई, आता तुम्ही बसा हवं तेवढं.

फोन तीनदा वाजला होता, काकाने पाहिलाही. अनोळखी नंबर म्हणून त्याला वाटलं विमा विकणारे आहेत.

गाडी ढकलत, जिथून घेतली त्या दुकानात नेली. तिथला मिस्त्री म्हणाला, सगळ्याच गाड्या असा आवाज करतात. मी म्हटलं, हिचा आवाज होत नाही, तीच तक्रार आहे. तो गोंधळला. मग म्हटलं, निदान तेल तरी काढ. तेल काढलं तर काळ्या तेलात चकाकणारी चांदीसारखी भुकटी. मिस्त्रीचं हसू गेलं. त्याने स्वतःहून संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स उघडला. तिसऱ्या चाकाचे सगळे दाते म्हाताऱ्या माणसाच्या नखासारखे पातळ झालेले, आणि एक दात जागेवर नाही. तो तेलाच्या तळाशी सापडला. काकाने विचारलं, आम्ही आज सकाळी निघालो असतो तर? मिस्त्री हात पुसत राहिला.

दुकानाचा मालक म्हणाला, तुटलेला भाग कंपनीचा, तो आमच्याकडे द्यावा लागतो. मी मूठ मिटली. म्हटलं, उघडून घे. माझ्या वयाच्या बाईची मूठ उघडायची म्हणजे चार माणसांत शोभत नाही, त्याने सोडून दिलं. मिस्त्रीने मात्र गुपचूप एका कागदावर लिहून दिलं, गाडी कोणती, नंबर काय, किती चालली, काय निघालं. खाली सही केली. त्याचीही नोकरी आहे, पण केली.

आता तुझ्या सहीचं. तू खोटं लिहिलंस ते मला लागलं. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? मी ऐकून गप्प बसले, तू सही करून गप्प बसलास, काका पान उलटून गप्प बसला. या घराला गप्प बसायची हौस फार. आजोबांची बोटं मी परत आणू शकत नाही. तू अजून सोमवारच्या आधी आहेस.

हे पत्र टपालाने पाठवत नाही, सोमवार गाठणार नाही. काका उद्या पहाटेच्या बसने स्वतः निघतोय. हो, बसनेच, फिरायची हौस अशी तरी फिटू दे. त्याच्या आतल्या खिशात शिंपीणबाईंच्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेला तो दात आहे, आणि मिस्त्रीचा कागद आहे. फाटकावर फोन काढून घेतील, दात घेणार नाहीत.

तू साहेबांना म्हण, माझी सही मला परत हवी. पुरावा मागतील तेव्हा दात टेबलावर ठेव. वाजेल. तेवढं त्यांनाही ऐकू येईल. मग म्हण, चार नंबर उघडा, आतले दाते तुमचे तुम्हीच मोजा. मिशीवाल्यालाही शेजारी उभा कर, तीन मुलांचा बाप आहे, त्याला कळू दे कशावर बसणार होता.

आणि साहेब म्हणाले की हे पत्रबित्र वाचायला वेळ नाही, तर काळजी करू नकोस. काका वाचून दाखवेल. पहिल्या ओळीपासून माझ्या नावापर्यंत. मध्ये पाणी प्यायलाही थांबणार नाही, असं त्याने मला कबूल केलंय.

तुझी,
आजी